घासलेला ड्रम आणि न घासलेली घागर

४ नोव्हें.
निखिलची शेवटची अट. यंदाही कामरेजच्या शेतातल्या वांग्यांच्या मुळांना गाठी निघाल्या, तर ह्यांच्यामागे उरलेलं ते अर्धं एकर प्लॉटिंगवाल्याला विकायचं. आणि मी कायमची डिंडोलीत, त्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. ‘आई, आता आराम कर.’ आराम म्हणजे समोरच्या गॅलरीतल्या चड्ड्या वाळताना बघणं. जन्मभर विज्ञान शिकवलं ते याच्यासाठी!
विषारी दाणे टाकणार नाही. जिवाणूंचं कल्चर मागवलंय. मुळांभोवती वस्ती करतात, गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना आत शिरू देत नाहीत.

९ नोव्हें., रवि.
गाडी फक्त रविवारी, तीही नि.च्या मर्जीने. शेत बघणारी सिंधूबाई (धुळ्याकडची, नवरा लूमवर कामाला) कल्चर ज्यात कालवणार तो ड्रम पाहिला. तळाला शेवाळ! चांगलीच झापली. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर परीक्षानळी उजेडात धरून बघायच्या, तसा स्वच्छ हवा म्हटलं. नि. हॉर्न वाजवत होता.

१२ नोव्हें.
सिं.चा फोन. रोपं लागली, कल्चर ओतलं. ड्रममधलं शेवटच्या ओळीला पुरलं नाही, तिच्यासाठी घागरीत कालवलं. घागर घासली नव्हती म्हणे. परत बोलले तिला.

७ डिसें., रवि.
दुपारी पानं माना टाकतात. ड्रमशेजारी ब्लिचिंग पावडरची पिशवी. ड्रम याने घासलास? हो. नंतर धुतलास? ‘कसाले धवू? पावडर ऱ्हायनी ते पानीबी साफ ऱ्हास. तुम्हीच सांगेल व्हतं ना, मावशी.’
जंतू मारायची पावडर. जिवाणू जमिनीत पोचायच्या आधीच मेले असणार.
सिं. रडकुंडीला. दादाला सांगू नका म्हणाली.

१३ डिसें.
उद्या नि. झाडं उपटून बघणार. बाईने घोटाळा केला म्हटलं, तर आणखी एक हंगाम मिळेल कदाचित. आठवडाभर हेच वाक्य तोंडात घोळवतेय. चांगलं बसतं, हीच पंचाईत.
जेवताना सांगून टाकलं, ड्रम माझ्या हुकुमाने घासला. नि. हसला. ‘म्हणजे तूच मारलेस.’

१४ डिसें., रवि.
चार झाडं उपटली. चारही मुळांवर मण्यांसारख्या गाठी. नि.ने हात झटकले. मी म्हटलं, घागरीची ओळ राहिली. ‘आई, पुरे.’
मी ओळीत बसकण मारली. उठवायला तिघं लागतात, हे त्याला ठाऊक आहे. सिं.ने खुरप्याने एक झाड ढेकळासकट काढून दिलं. घरापर्यंत मांडीवर.
आता बाथरूममध्ये बादलीत भिजतंय. काळी माती, सुटता सुटत नाही. ओढून काढली तर मुळं तुटतील, गाठी असल्या तर मातीबरोबर जातील, आणि तसलं समाधान मला नको.
बाहेर नि. फोनवर प्लॉटिंगवाल्याला उद्या बोलावतोय, ‘हां भाई, काले आवो.’
पाणी दुसऱ्यांदा बदललं. अजून गढूळ आहे.