मिस यू, मावशी

प्रिय धम्मप्रिया,

जयभीम. फोनवर तू दोन मिनिटांत 'आई, भाषण नको' म्हणाली असतीस, म्हणून लिहायला बसले.

नीटचा पेपर देऊन तू आठवडाभर नांदेडला आलीस. मी गरम भाकरी थापत होते आणि तू जेवता जेवता लातूरच्या मेसवाल्या गुणाबाईंना फोन लावलास. 'मिस यू मावशी, तुमच्या हातची भाकर लई मिस करून राहिले.' माझा हात तव्यावरच थांबला. तुझे पप्पा हसले, 'हजार माणसांपुढं गरजतीस, आन् पोरीच्या एका शब्दानं गपगार झालीस की.'

तू सामान आणायला लातूरला परत गेल्यावर मी डिक्शनरी काढली. बस चुकली तरी मिस, नेम चुकला तरी मिस, आणि माणूस जवळ नसलं म्हणून जीव रमेना तरी मिसच. आपल्याकडे आठवण येते. न बोलावता येते, कुणाला विचारत नाही. हे मिस करणं मात्र माणूस स्वतः करतो, कुणाला करायचं ते ठरवून करतो, असं मला वाटलं. तू त्यासाठी गुणाबाईंना निवडलंस. दोन वर्षं त्यांनी तुला जेवू घातलं, तापात उशाशी बसल्या. उपकार आहेत त्यांचे. तरी जळते मी. समतेवर गावोगाव बोलणारी बाई, आणि एका मेसवालीची बरोबरी मला सोसत नाही. तुझ्या तापल्या कपाळावर त्यांचा हात होता, हे आठवलं की अजून जिवाची आग होते.

परवा देगलूरला बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात बोलायला उभी राहिले. माझा आवाज चढला की पुढच्या रांगेतून तू कानाच्या पाळीला हात लावायचीस आणि मी सावरायचे. परवा तो चढतच गेला आणि फाटला. खाली पाहिलं, तर तुझ्या जागी कुणाची तरी पिशवी. भाषण तिथंच सोडलं. पाणी प्यायले आणि बसले. घरी येते तर तुझा मेसेज: उत्तरं ताडून पाहिली, मार्क कमी पडतात, रिपीटचं वर्षही लातूरलाच, गुणाबाईंकडेच. याच्या विरोधात माझ्याकडे एकही मुद्दा नाही. क्लास तिथलेच चांगले, हे मीही जाणते. मुद्दा नसताना आयुष्यात पहिल्यांदा काही मागते आहे. हे एक वर्ष नांदेडला राहा. नाही म्हणायचं असेल, तर फोनवर म्हणू नकोस. घरी ये आणि माझ्यासमोर बसून म्हण.

तुझीच,
जळकी आई