पंगतीच्या टोकाचं ताट

३ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची! पोलादपूरहून जीपनं वर येताना हाडं खिळखिळी झाली, पण वसतिगृहाच्या ओटीवरून खालची दरी बघितली आणि सगळं विसरले.

नव्या नोकरीतलं हे पहिलंच स्वतंत्र काम. परदेशातून स्वयंसेवक म्हणून येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी जागा निवडायची. तिथल्या पोरांचं खरंच काही भलं होतंय, की येणाऱ्याची नुसती हौस फिटतेय, ते बघायचं आणि हो किंवा नाही कळवायचं. इथे यायला ऋत्विक टपून बसलाय. एकोणीस वर्षांचा, इंग्लंडात लेस्टरला वाढलेला, आजोळ पोलादपूरचं. परवा फोनवर तोडक्यामोडक्या मराठीत विचारत होता, ताई, हो म्हणणार ना? मी म्हटलं, आधी तिथलं जेवून बघते, मग सांगते.

जेवण तर झकास. बनुबाई स्वयंपाक करतात. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, वर लसणीची चटणी. तीन भाकऱ्या हाणल्या. ऑफिसात माझ्या खाण्यावरून चेष्टा होते ती काही उगाच नाही.

५ फेब्रुवारी
आज डोकं फिरलं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर या मुलांना अनाथ म्हटलंय. प्रत्यक्षात सगळ्यांचे आईबाप मुंबईत कामाला आहेत, होळी-गणपतीला येतात. व्यवस्थापक श्रीपतरावांना विचारलं तर म्हणाले, तसं लिहिल्याशिवाय बाहेरची पोरं येत नाहीत मॅडम. वर हसले.

मुलं मात्र जीव लावणारी आहेत. दर्शना नावाची आठेक वर्षांची पोर दिवसभर माझं बोट सोडत नाही. माझी वेणीही तिनंच घातली. फक्त एक गोष्ट खटकली. माझं नाव विचारायच्या आधी सगळ्यांनी मी जाणार कधी ते विचारलं.

दोन्ही वेळच्या पंगतीत टोकाला एक रिकामा पाट असतो. पुढे स्टीलचं ताट, त्यावर नाव घातलेलं: योहाना. गेल्या वर्षी ती इथे महिनाभर शिकवायला होती. प्रत्येक मूल आपल्यातला एक घास त्या ताटात ठेवतं आणि म्हणतं, हा घास ताईचा. बनुबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मुंबयला गेलेल्या मानसाचं पान सणाला वाढतो आमी. त्याला उपाशी ठेवू नय. पोरं काय, रोजच सण करतात."

ऐकून गलबललेच. एक घास मीही ठेवला.

७ फेब्रुवारी
टोकाचं ताट रिकामं होतं.

कालही तसंच झालं, तेव्हा वाटलं मांजर असेल. आज मुद्दाम शेजारी बसले. आमटी घ्यायला मान वळवली तेवढ्यात ताट लख्ख. घास उचलायला कुणी उठलं नव्हतं. मुलं शांतपणे जेवत होती. दर्शना म्हणाली, ताई जेवली.

८ फेब्रुवारी
पूर्वी येऊन गेलेल्यांचं मत घेणं माझ्या कामातच येतं, म्हणून योहानाला फोन केला. आईनं उचलला. इथून परतल्यापासून मुलगी खात नाही म्हणाली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. अंगावर मूठभर मांस राहिलं नाही, आणि ताटावर बोलावलं की म्हणते, आत्ताच जेवले. दिवसातून दोनदा म्हणते. एकदा तिच्या ओठाला भाताचं शीत होतं. घरात भात शिजलाच नव्हता.

बनुबाईंना विचारलं, आधीच्या स्वयंसेवकांचं काय झालं? त्या भांडी घासत होत्या. नवीन कोण आलं, पोरांना लळा लागला, की जुन्याचं ताट उचलतात, म्हणाल्या. "यंदा कोण आलाच नाय गो. म्हणून तिचाच हाय."

 

१० फेब्रुवारी
नाही म्हणून टाकलं. या जागेवर कुणालाही पाठवू नये. महिन्या-महिन्यानं नवी ताई यायची, लळा लावून जायची, त्यानं या पोरांचं काय होत असेल! एवढं कारण पुरेसं आहे. दुसरं कारण ऑफिसला सांगितलं तर मलाच घरी बसवतील.

ऋत्विकलाही कळवलं. बिचारा हिरमुसला.

मुलांना म्हटलं, मी उद्या निघते. एकही रडलं नाही. दर्शनानं माझं नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं. मी तिला पाटीवर काढून दिलं.

११ फेब्रुवारी, महाड
शिवथरच्या बाजूची दुसरी एक जागा बघायची आहे, म्हणून इथे लॉजवर उतरलेय. मिसळ मागवली. पहिला घास घेतला आणि थुंकला. माती. शेजारचा मजेत खात होता.

मावळतीला बाजारात उभी होते. तोंडात काही नसताना कुळथाची चव आली. मग पोट भरत गेलं. घासाघासानं.

१३ फेब्रुवारी
योहानाच्या आईचा मेसेज. मुलगी रडत रडत जेवली, पोटभर. आभार मानलेत माझे.

माझा ड्रेस खांद्यावरून उतरतोय. चहासुद्धा घशाखाली जात नाही. मला भीती वाटतेय. मला खायचंय, वडापाव, काहीही, माझ्या हातानं—

१४ फेब्रुवारी
वर गेले होते. टोकाला ताट. खिळ्यानं कोरलंय, अनुपमा. अक्षर मीच शिकवलेलं.

उचललं आणि दरीत फेकलं. मुलं बघत राहिली. दर्शनानं माझा हात धरला. म्हणाली, "तू जा गो ताई खुशाल. आमी जेवू घालतो ना तुला." किती मायेनं म्हणाली.

परत महाडला येईपर्यंत— पोट भरलेलं. आता पानावर वाढतात. केळीच्या. वास येतो.

१६ फेब्रुवारी
जवळच सवला गरम पाण्याच्या कुंडांवर गेले, कढत पाण्यात बसले. वाटलं सुटेल. बरगड्या मोजता येतात. दुपारची वेळ झाली आणि तिथेच, सगळ्या बायांच्या देखत, माझा जबडा चावू लागला—

शीत होतं ओठावर.

१७ फेब्रुवारी
नवीन कोण आलं की. बनुबाई म्हणाल्या ना. नवीन कोण आलं की—

नाही. नाही म्हणजे नाही.

१८
आरशात बघवत नाही.

ऋत्विक तरुण आहे. मजबूत आहे. महिन्याभरात दुसरं कुणी शोधून देईन त्याच्या जागी, मग त्याचंही ताट—

१९
ऑफिसला लिहिलं. आधीचं मत घाईचं होतं. जागा योग्य. मुलं फार जीव लावतात. लगेच पाठवा.

पाठवलं.

ऋत्विकचा फोन आला. आनंदानं ओरडत होता. थँक यू ताई, थँक यू. मग विचारलं, जेवण कसं आहे तिकडचं? मी म्हटलं, छान. म्हणाला, आई म्हणते मी घरात सगळ्यात जास्त जे—