मनोऱ्यावरच्या घड्याळाची पंधरा मिनिटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली तीन मनाने टेकली असं समजावं.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींना हल्ली ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच येतं? इकडे सगळं ठीक. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे. पत्र लांब आहे, तेव्हा बसून वाच. चष्मा मीच करून दिलेला असल्यामुळे अक्षर लागलं नाही ही सबब चालणार नाही.

गेली अकरा वर्षं मी आपल्या चौकात झालेल्या त्या पुढाऱ्यांच्या खुनाचं स्वतंत्र संशोधन करतो आहे, हे तुला ठाऊक आहेच. (स्वतंत्र म्हणजे कुणीही सांगितलेलं नसताना.) वर्तमानपत्रातला तो फोटो तुला आठवत असेल. सभागृहाच्या पायऱ्यांवर पुढारी कोसळताहेत आणि मागे मनोऱ्यावरचं घड्याळ चार चाळीस दाखवतंय. धावत जाऊन नाडी पाहणारे डॉक्टर मात्र परगावचे होते आणि त्यांनी आपल्या मनगटावर बघून चार पंचावन्न लिहिलं. मधली पंधरा मिनिटं गेली कुठे, या एका प्रश्नावर आजवर सात पुस्तकं निघाली. एकाच्या मते त्यात परकी हात होता. दुसऱ्याच्या मते कोसळला तो तोतया, कारण माणूस बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. तिसरा तर म्हणतो, पुढारी अजून हयात आहेत आणि कुठेतरी मधमाश्या पाळताहेत. आठवं पुस्तक माझं. सहाशे पानं, छापखान्यात गेलेली.

माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. दुकानात डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता मी काढून टाकला आणि त्या जागी हा फोटो मोठा करून लावला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भिंगं बदलत विचारायचं, आता काय दिसतं? त्यामुळे मला चार हजार निःपक्षपाती साक्षीदार फुकट मिळाले. निष्कर्ष असा, की उणे दोनला सज्जात बंदूक दिसते आणि उणे अडीचला तिचीच छत्री होते. शेजारच्या औषधवाल्याला (हा माझा सहसंशोधक) कुठल्याही नंबरला स्वतःचा मेहुणाच दिसतो. या भानगडीत दोघातिघांना चुकीचे चष्मे गेले हे खरं आहे. एक बाई महिनाभर जिन्याची शेवटची पायरी हवेत शोधत होत्या. पण इतिहासासाठी समाजाने थोडं सोसायला नको का? घरीही कदर नाही. बैठकीच्या खोलीत मी संशयितांची नावं चिकटवून त्यांना दोऱ्यांनी जोडलं, तर तुझ्या भावजयीने त्या दोऱ्यांवर मोजे वाळत घातले. मुख्य सूत्रधार आठ दिवस एका ओल्या मोज्याखाली होता, त्याची शाई उतरली.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या मंगळवारी एक म्हातारेबुवा चष्म्यासाठी आले. खुर्चीत बसवलं, भिंग चढवलं, विचारलं, काय दिसतं? म्हणाले, "ते घड्याळ पंधरा मिनिटं मागे आहे." मी मनात म्हटलं, आला आणखी एक संशोधक. मग त्यांनी भिंगाची चौकट काढून हातात धरली आणि म्हणाले, "मी तेव्हाही हेच सांगत होतो." ताई, ते 'पाव तास' होते. सभागृहाच्या मागच्या दाराचा तो पहारेकरी, ज्याच्या मागून आपण पोरं 'पाव तास, पाव तास' ओरडत पळायचो. त्यांची पाळी पावणेपाचला संपली आणि ते घरी गेले, असं त्यांनी चौकशी समितीला सांगितलं होतं. फोटोतलं घड्याळ म्हणालं, खून चार चाळीसला झाला, म्हणजे पाळीवर असताना हा माणूस दार सोडून गेला. नोकरी गेली आणि नाव गेलं. सातही पुस्तकांत मारेकऱ्याला आत घेणारा तो हाच. (आठव्यातही. तिसरं प्रकरण, माझं आवडतं.)

त्यांच्या मनगटावर त्या दिवशी सासऱ्यांनी दिलेलं नवंकोरं घड्याळ होतं. त्याचा त्यांना भारी अभिमान, म्हणून सगळं गाव मनोऱ्याकडे बघून काटे लावायचं तेव्हा हे एकटेच लावत नसत. समितीने ते घड्याळ टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर हसून परत दिलं. त्यानंतर त्यांनी ते कधी बांधलं नाही. आपल्या वडिलांनी कसलं घड्याळ दिलं, हे बायकोच्या मनातून बावन्न वर्षांत गेलेलं नाही.

मी चिडलोच. मनोऱ्यावरचं घड्याळ आपल्या बाबांच्या हाताखालचं! म्हाताऱ्याला खोटं पाडायचं म्हणून मी बाबांची चावी देण्याची नोंदवही शोधायला निघालो. अकरा वर्षं मी तीन शहरांतली दफ्तरं चाळली, पण ही वही दुकानातल्या कपाटाच्या लंगड्या पायाखाली होती. (मीच घातलेली.) त्या तारखेला बाबांच्या कोरीव अक्षरात लिहिलंय, "सकाळी मुलीची परीक्षा. मुलगी गल्लीतून निघालेली दिसेना. लंबक धरला. पंधरा मिनिटं." दुसऱ्या दिवशीचं वाक्य एवढंच आहे, "काटे पुढे घेतले. चौकात कोणी नाही."

कळलं का? शाळेचं फाटक अकराला मनोऱ्याच्या घड्याळावर बंद व्हायचं. बाबांनी वरून तुझी वाट पाहिली आणि तू दिसेना, तेव्हा हाताने लंबक धरून ते पंधरा मिनिटं उभे राहिले. गावाला वाटलं, आपलीच घड्याळं पुढे गेली. सगळ्यांनी मुकाट काटे मागे घेतले. भर दिवसा काटा उडी मारताना दिसला असता म्हणून बाबा संध्याकाळी दुरुस्त करणार होते. पण संध्याकाळपर्यंत चौकात काय झालं ते तू जाणतेस. मनोऱ्यावर कुणाला सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळे दारं लावून घरात. पुढे समितीने बाबांना विचारलं, घड्याळ बरोबर होतं का? बाबा म्हणाले, "रोज बरोबर असतं." हे उत्तर मी स्वतः दुसऱ्या प्रकरणात अभिमानाने छापायला दिलंय.

आपल्या बाबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात 'शाबास' म्हटलं नाही, तुझ्यासाठी अख्ख्या गावाची वेळ थांबवली. मी दुकानाच्या जमिनीवर बसून रडलो, ताई. आधी बाबांच्या मायेने, आणि मग त्या पहारेकऱ्याची आठवण येऊन लाजेने. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं हे मला नीट सांगता येत नाही.

तुझी अडचण मला कळते. मुख्याध्यापिका म्हणून तू तीस वर्षं प्रत्येक संमेलनात सांगितलंस, की तू जन्मात कधी उशीर केला नाहीस, परीक्षेच्या दिवशीसुद्धा अकराला एक मिनिट कमी असताना फाटकात शिरलीस. त्याच बळावर तू अकरा वाजून एक मिनिटाने आलेल्या पोरांना परत पाठवलंस. (माझ्या मुलीला दोनदा.) तेव्हा घाबरू नकोस, मला तुझ्याकडून काहीही नकोय. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. आपल्याला उशीर झाला होता असं स्वतःच्या हाताने लिहून, सही करून, तुला इकडे यावं लागेल. वहीतलं अक्षर कुणाचं हे सांगायला माझा शब्द चालणार नाही, फोटोत छत्री पाहणारा माणूस मी. तुझा शब्द चालेल. पहारेकऱ्यांना वर्तमानपत्र नको, सत्कार नको. बायकोच्या हातात द्यायला एक कागद हवाय, की तिच्या वडिलांचं घड्याळ बरोबर होतं.

ता. क. दुसरा. छापखान्यातून पुस्तक परत आणलं. तुझी भावजय बोलायला लागली आहे. पहिलंच वाक्य, "आता तो अक्षरांचा तक्ता लावा."

ता. क. तिसरा. पत्र बंद करणार तेवढ्यात ते चष्मा न्यायला आले. मला राहवलं नाही, वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. नव्या चष्म्यातून त्यांनी ते पान दोनदा वाचलं. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पोरगी पास झाली का?" ताई, तू गणितात सपशेल नापास झाली होतीस. त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना. "पहिली आली," म्हणालो. त्यांना इतका आनंद झाला, की माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चला, वाया नाही गेलं." बाबांच्या 'रोज बरोबर असतं' नंतर आपल्या घरातून त्या माणसाच्या वाट्याला गेलेली ही दुसरी खोटी साक्ष. लवकर ये, आणि ही मोडायची की तशीच ठेवायची, ते त्यांच्यासमोर बसून तूच ठरव.