उभ्या बुलेटचं तेल

राई, ५ जानेवारी २०२५

चि. धर्मेश यास अ. उ. आशीर्वाद.

तुमच्या कर्जतच्या व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच तुझी ताई पत्र लिहायला बसलीय. अक्षराला हसू नकोस.

आजोबांची बुलेट उठली! तू गेल्यापासून बाबा हाटकेशच्या गॅरेजमधून आले की अंगणात तिचंच इंजिन उघडून बसायचे. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळं केलं. तुझं नाव काढत नाहीत, पण आईला म्हणाले की पाडव्याला पोराला ह्याच गाडीवर घरी आणीन; आणि तो अर्ध्यातून पळून आला तर मात्र दार उघडायचं न्हाय. मागच्या वेळी आईच्या तापाचं कळल्यावर तू केंद्रातून पळालास आणि आठवड्याच्या आत पुन्हा बाटली धरलीस, ते त्यांच्या मनातून जात नाही. माझ्याही जात नाही, खोटं कशाला बोलू?

आता अडचण. इंजिन लगेच तापतं आणि वरून टकटक वाजतं. बाबांचं जेवणात लक्ष नाही. धर्मेशला विचारू का, म्हटलं तर नको म्हणाले नाहीत. म्हणजे विचार, असं मी धरलंय.

आईने सुकटीची चटणी दिलीय. सगळी वाटून टाकू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
चांदणीताई

कर्जत, ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं अक्षर म्हणजे मुंगळे शाईत बुडवून कागदावर सोडलेत. चटणी मात्र फक्कड.

टकटक म्हणजे वर तेल पोचत नाही. खालून वर जाणारी बारीक नळी आहे, तिचा वरचा बोल्ट इंजिन चालू असताना जरासा सैल करायचा. तेल झिरपलं तर ठीक. नाही झिरपलं तर गाडी लगेच बंद, नाहीतर नवा पिस्टनही जाईल. मग तेलाच्या पंपाचं झाकण उघडा. झाकणाखालच्या गॅस्केटला तेल गळू नये म्हणून ती लाल पेस्ट लावताना बाबांचा हात फार सढळ असतो, भाकरीला लोणी लावावं तसा. तिचाच तुकडा सुटून तेलाच्या भोकात अडकला असणार. हे तू तुझं म्हणून सांग. माझं म्हटलंस तर ऐकायचे नाहीत.

हात थरथरायचे थांबलेत, मन अजून थांबत नाही. बाबांना पत्र लिहायला घेतो आणि 'तीर्थरूप'च्या पुढे सरकत नाही.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
धर्मेश

राई, २३ फेब्रुवारी

चि. धर्मेश यास अ. उ. आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. शांती नगरच्या दुकानात काम फार आहे.

तुझा अंदाज खरा निघाला. पेस्टचाच तुकडा होता, भाताच्या शिताएवढा. बाबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की हे डोकं तुझं न्हाय, त्याचं हाय. मी पकडले गेले, पण ते रागावले नाहीत. टकटक बंद झाली. आता बाबा रोज सकाळी गाडी सुरू करून जेटीपर्यंत फेरी मारतात. घरी सगळं छान आहे. तू फक्त पाडव्यापर्यंत नीट राहा.

एकच शंका. काल तेल मोजायची पट्टी काढली तर ठणठणीत कोरडी. जमिनीवर थेंब नाही, धूरही नाही. घाबरून अर्धी बाटली तेल ओतलं. अजून ओतू का? इंजिन वाया गेलं का रे? बाबांना सांगायचा धीर होत नाही.

लवकर लिही.
चांदणीताई

कर्जत, २८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

आता थेंबभरही तेल ओतू नकोस. तेल कुठेही गेलेलं नाही. ही गाडी काही आठवडे उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली इंजिनाच्या पोटात बसतं आणि पट्टी कोरडी दिसते. रोज सुरू होणाऱ्या गाडीला असं होत नाही.

म्हणजे जेटीची फेरी खोटी. आणि पट्टी तू काढलीस. बाबा त्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत, हे मला सांगायला हवं का?

ताई, बाबांना काय झालंय? मी पिशवी भरून ठेवलीय. या आठवड्यात उत्तर आलं नाही तर निघतो, मग दार उघडा नाहीतर उघडू नका.

धर्मेश

राई, ३ मार्च

चि. धर्मेश,

तुझ्यापुढे खोटं टिकत नाही. फेब्रुवारी लागला आणि बाबा किक मारता मारता कोसळले. अर्धांगवायू, उजवी बाजू. आता घरी आहेत, जिवाचा धोका टळलाय, पण बोलणं जड झालंय. तू पळून येशील म्हणून आईने मला शपथ घातली होती.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, पिशवीसकट. रागावतील वाटलं होतं, तर रडले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले की पोरगा बरोबर बोलतोय, त्याल खाली बसलंय, गेलं न्हाय. आणि पुढे म्हणाले की तो आल्यानं मी उठीनच असं न्हाय, पण पळून आला तर मी उठायचा न्हाय.

मी थकलेय रे. मला तू इथे फार हवा आहेस, आणि तरी सांगते, येऊ नकोस.

चांदणीताई

कर्जत, ८ मार्च

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

ताईचं पत्र वाचून पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो होतो. बस आली. मी चढलो नाही. परत येऊन पिशवी रिकामी केली.

आता गाडीचं. ताईने वरून तेल ओतलंय, ते जास्त होऊन बाहेर फेकलं जाईल. तेव्हा खालचा बोल्ट उघडून पोटात बसलेलं सगळं तेल आधी काढायला सांगा आणि तेलाची टाकी पुन्हा मापाने भरून घ्या. मग ताई किक मारेल. तिला पहिल्या झटक्यात जमणार नाही, तुम्ही खिडकीतून ओरडा. ओरडता येत नसेल तर डाव्या हाताने गजावर वाजवा, तिला तेवढं कळतं. सुरुवातीला धूर येईल, आईला घाबरू देऊ नका. टकटक येते का ते ऐका आणि कळवा. तुमच्या कानाशिवाय माझा कशावर भरवसा नाही.

पाडव्याला तुम्ही मला न्यायला येणार होतात. येऊ नका. मी माझा येईन, त्याच दिवशी, आधी नाही.

दार तेवढं उघडं ठेवा.

तुमचा,
धर्मेश