डावीकडून खायची संख्या

१५ एप्रिल, मंगळवार

झाली सुरुवात! आमच्या गणित विभागाची जुनी खोड: निवृत्त होणाऱ्याने एक संख्या निवडायची आणि ऑफिसवालीने, म्हणजे मी, ती आल्याच्या बिस्किटांवर काढायची. हॉगनसरांनी निवडली चोवीस आकडी! ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. आकड्याला एक बिस्किट. फळ्याखालच्या खडूच्या पट्टीवर ओळीने मांडली.

कामाच्या दिवशी रोज डावीकडचं एक खायचं. उरेल ती संख्याही मूळच, कशानेही भाग न जाणारी! असं थेट शेवटच्या ७ पर्यंत. "अशी याहून मोठी नाहीच, डोरीन," म्हातारा छाती फुगवून म्हणाला. "मध्येच कुठे भाग जाऊन फुटली तर निवृत्तीचं पत्र फाडीन!"

सही केलेलं पत्र माझ्या खणात आहे. सोळा मेला डीनकडे द्यायचं. मग हे चालले मुलाकडे, ॲरिझोनाला.

२२ एप्रिल

सरांनी सहावं खाल्लं. इथे मिनेसोटात अजून बर्फ, आणि हे तिकडच्या उन्हाचं कौतुक सांगतात. मेलं ते ऊन!

६ मे

एकोणीस वर्षं यांना कॉफी करून देतेय. मला ते जायला नको आहेत. झालं, लिहून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. शेवटचे चार आकडे ९१३७. त्यातल्या ९ आणि १ ची जागा बदलली की १९३७. म्हणजे तेरा गुणिले एकशे एकोणपन्नास. फुटली की!

१२ मे, सोमवार

सरांनी २ खाल्ला. ते वर्गावर गेले नि मी ९ आणि १ इकडचे तिकडे केले. हसू आवरत नव्हतं. उद्या बघा मजा!

१३ मे

पचका! आले, डावीकडचं उचललं, तोंडाशी नेत फळ्याकडे वळले. बघितलंच नाही!

"सर, एकदा नीट बघा तरी."

"अगं, चाळीस वर्षं पाठ आहे मला."

एकदा पाठ झालं की हे गणितवाले बघतच नाहीत. आणि मागे उरलं काय? ९३७. तीही मूळच! माझंच नशीब फुटकं.

१५ मे

काल ९ गेला, आज ३. पट्टीवर एकटा ७. "उद्या पत्र दे हं, विसरू नकोस." देते म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ मे, शुक्रवार

सकाळी पट्टीवर दोन बिस्किटं! ७ च्या डावीकडे १, कोटाच्या खिशातली लव चिकटलेला. खाली चिठ्ठी, सरांचं अक्षर: "१३ × १४९. लबाड बाई! मंगळवारीच पाहिलं होतं. शब्द म्हणजे शब्द. मुलाला कळवलंय. पत्र फाड आणि कॉफी ठेव."

कॉफी ठेवली. पत्र कुठून फाडू? ते कालच बाथरूममध्ये फाडलं. तेवढं इथे लिहिलं नव्हतं.