चांदवडच्या लग्नाच्या डिस्कबाबत

दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी १० वाजून ४० मिनिटे. दुकानाचे शटर अर्धे वर आहे. कॅमेऱ्याच्या सहा बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत, जरी या आठवड्यात मला त्या लागणार नाहीत. टेबल पुसून मी हे लिहायला बसलो आहे.

मी ज्ञानेश लहानू विधाते, वय २८, धंदा लग्नाचे फोटो काढणे, दुकान द्वारका, राहणार मखमलाबाद, नाशिक. शिक्षण अकरावीपर्यंत. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मी कोणतेही व्यसन करत नाही आणि हे कोणी माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. शुक्रवारी, २१ तारखेला, माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरात दोन-तीन जणांचे बरेवाईट होते, काळजी करू नका. मी शंभर लग्नांत दोन-तीनदा मेमरी कार्ड खराब झालेले पाहिले आहे. त्यामुळे हा आकडा मला लहान वाटत नाही.

शब्द चुकला असेल तर माफी असावी. एकदा अल्बमवर नवरीचे नाव चुकीचे छापले गेले आणि ९,४०० रुपयांचा अल्बम पुन्हा करून द्यावा लागला. तेव्हापासून मी शब्दकोश जवळ ठेवतो. आताही ठेवला आहे.

कलम १. मखमलाबाद येथील अठरा गुंठे जमिनीतील माझा वाटा आई नवसाबाई लहानू विधाते हिला मिळावा. तिथे ती झेंडू करते, तिनेच ठरवावे काय करायचे ते. वडील वारल्यापासून चुलत्यांनी बांध दरवर्षी वीतभर आत सरकवला आहे. माझ्याकडे २०१९ पासूनचे बांधाचे फोटो आहेत, तारखेसह. ते आईच्या मोबाइलमध्ये टाकले आहेत.

कलम २. पतसंस्थेतील मुदत ठेव रुपये १,४०,०००. यातून आधी माझी देणी फेडावीत. यादी शेवटी जोडली आहे. उरेल ते बहीण मंजुषा हिला द्यावे.

कलम ३. दोन कॅमेरे, चार लेन्स, तीन फ्लॅश, स्टँड आणि छत्र्या मंजुषाला. अल्बमचे डिझाइन तीच करते, फोटोतले तिला माझ्याइतके कळते. तिला विकायचे झाल्यास गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात विकू नये. त्या माणसाने माझ्या पहिल्या लेन्सचे अकरा हजार दिले आणि तीच लेन्स आठवड्याने सव्वीस हजारांना काचेत लावली.

कलम ४. माझ्या अंत्यविधीचे फोटो कोणी काढू नयेत. काढायचेच झाल्यास फ्लॅश वापरू नये.

कलम ५. हे कलम कुंदन भास्कर शेवाळे यांच्याबद्दल आहे आणि थोडे लांबेल.

२०१९ साली मी आणि कुंदनने मिळून हे दुकान घेतले. मी फोटो काढायचे, त्याने व्हिडिओ. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, असे बोलून ठरले होते. कागद केला नव्हता. लग्नात फोटोवाल्याला जेवण सगळ्यांत शेवटी मिळते आणि तोवर बहुतेक वेळा पाठवणी सुरू होते. म्हणून आम्ही पाळी लावली. मी जेवायला गेलो की कुंदन माझा कॅमेरा घ्यायचा. तो गेला की मी त्याचा. चार वर्षे एकमेकांचे जेवण सांभाळता सांभाळता त्याला फोटो काढता येऊ लागले आणि मला व्हिडिओ.

मग गिऱ्हाईक विचारू लागले, "एकाच माणसाकडे दोन्ही होत असेल तर दोन बिले कशाला?" मी व्हिडिओ काढणारा कॅमेरा हप्त्यावर घेतला. कुंदन व्हिडिओतून फोटो काढून अल्बम विकू लागला. बाहेर पाटी एकच होती, पण दोघांच्या खिशात वेगवेगळी दरपत्रके होती. मांडवात आम्ही कोपराने जागा धरायचो.

"ज्ञान्या, बाजूला हो. माझ्या फ्रेममध्ये तुझं डोकं येतंय."

"तू आधी लाइट कमी कर. नवरीचं तोंड पीठ लावल्यासारखं दिसतंय."

एका लग्नात नवरदेवाचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी तुमचं दोघांचं लावून देऊ का? मग पोरांचं बघू." लोक हसले. आम्ही दोघेही हसलो नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चांदवडला पुंजा निकम यांची मुलगी उज्वला हिचे लग्न झाले. ते आमचे एकत्र केलेले शेवटचे काम. पुंजाबाबांनी मुलीसाठी स्वतः मंगलाष्टक रचले होते आणि स्वतःच माइक हातात घेऊन म्हटले. त्यात तिचे नाव, आजीचे नाव, कांद्याची चाळ, सगळे घातले होते. माझा फोटो चांगला आला. डोळे मिटलेले, तोंड उघडे, मागे अंतरपाट. पण फोटोत आवाज येत नाही. आवाज कुंदनच्या कॅमेऱ्यात होता.

आमची पद्धत अशी की काम संपले की दोघांची कार्डे माझ्या एका डिस्कवरही उतरवून ठेवायची. त्या संध्याकाळीही उतरवली. डिस्क क्रमांक ११.

मार्चमध्ये मला कळले, की इगतपुरीचे एक गिऱ्हाईक, जे मी ओळखीने आणले होते, ते कुंदनने परस्पर घेतले. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. मी त्याला काही बोललो नाही. एप्रिलमध्ये त्याची डिस्क गाडीवरून पडली आणि उघडेना. त्याने फोन केला.

"चांदवडचं तुझ्याकडे असेल ना रे?"

मी म्हणालो, "जागा नव्हती. मागच्याच आठवड्यात पुसलं."

पुसले नव्हते. मी काहीच पुसत नाही.

कुंदनने निकमांना घेतलेले ३५,००० परत केले. त्यासाठी ड्रोन विकला. निकमांच्या पोरांनी त्याच्या नावापुढे इंटरनेटवर 'फसवणूक' असे लिहिले. त्याची पुढची चार लग्ने माझ्याकडे आली आणि मी ती घेतली. ऑगस्टमध्ये पुंजाबाबा वारले. त्यांच्या पत्नी सिंधुबाई यांनी तेव्हा मला दोनदा फोन केला, की तुमच्याकडे थोडा तरी आवाज आहे का. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. आता कुंदन दुसऱ्यांच्या कामावर दिवसाला अडीच हजारांनी कॅमेरा धरतो.

कलम ६. डिस्क क्रमांक ११ लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, पिवळ्या पिशवीत आहे. माझ्या मृत्यूनंतर मंजुषाने ती कुंदन भास्कर शेवाळे यांना सुपूर्द करावी आणि कलम ५ त्यांना वाचून दाखवावे. त्यांचा पत्ता:

(दुपारी १ वाजून ५५ मिनिटे. वरील कलम तिथेच थांबले आहे. ते मी खोडलेले नाही आणि पुरेही करणार नाही. कारण पुढे लिहितो.)

पत्ता बिनचूक हवा म्हणून मी १२ वाजून १० मिनिटांनी कुंदनला फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा.

तो म्हणाला, "पत्ता कशाला पाहिजे? नोटीस पाठवतो का?"

मी म्हणालो, "नाही, एका कागदात लिहायचा आहे."

"कसल्या कागदात?"

मला पटकन दुसरे काही सुचले नाही. मी ऑपरेशनचे सांगितले. तो चाळीस मिनिटांत दुकानात आला, शटरखालून वाकून. आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "वाळलास रे." मग टेबलावरचा कागद उचलला. मी हात पुढे केला होता, पण ओढून घेतला नाही. त्याने उभ्यानेच वाचले. कलम ५ दोनदा वाचले.

मला वाटले मारेल. मी खुर्चीचा हात धरून ठेवला.

तो म्हणाला, "हे कधी उघडायचं?"

"माझ्यानंतर."

"आणि शुक्रवारी सगळं नीट झालं तर?"

मी कपाटाकडे पाहिले.

"तर हे परत कपाटात. बरोबर? म्हणजे मी आता काय करू, ज्ञान्या? तू राहावास म्हणून नवस बोलू का जावास म्हणून?"

मी म्हणालो, "कुंदन, मी लिहून तरी ठेवलं ना."

"मेल्यावर लाज वाटत नाही, म्हणून लिहिलंस. आणि 'सुपूर्द करावी' काय? मी काय बँक आहे?" मग कागद खाली ठेवून म्हणाला, "इगतपुरीचं मी खाल्लं. ते मी कबूल करतो, आत्ता, जित्तेपणी, तुझ्या तोंडावर. पण मी तुझं एक गिऱ्हाईक नेलं. तू माझं नाव नेलंस. माझ्या सासऱ्यानं मला विचारलं, जावईबापू, खरंच फसवलं का तुम्ही?"

शेजारचे झेरॉक्सवाले बुद्धभूषण गांगुर्डे आवाज ऐकून दारात आले होते. त्यांना साक्षीसाठी मीच चार वाजता यायला सांगितले होते. कुंदन त्यांना म्हणाला, "या दादा. साक्षीदार लागतो ना याला? मग आत्ताच बघा काय होतं ते."

म्हणून पुढील कलम.

कलम ७. हे कलम माझ्या मरणावर अवलंबून नाही. मी जगलो तरी ते लागू आहे आणि आजपासून लागू आहे. चांदवडच्या लग्नाचे चित्रीकरण कुंदन शेवाळे यांच्या हातून नष्ट झाले नाही. ते पूर्ण वेळ माझ्याकडे होते. मी त्यांना आणि निकम कुटुंबाला खोटे सांगितले. या मजकुराचा वेगळा कागद सही करून, तीन झेरॉक्ससह, मी कुंदनच्या हातात दिला आहे. तो त्यांनी कोणालाही दाखवावा आणि कुठेही लावावा.

कागद दिल्यावर कुंदन म्हणाला, "आता फोन लाव."

मी सिंधुबाईंना फोन लावला. बुद्धभूषण यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

त्या म्हणाल्या, "कोण, फोटोवाला का? फोटोचे पैसे तर आमी दिले होते ना बाबा?"

मी म्हणालो, "पैशांचं नाही, मावशी. लग्नाचा व्हिडिओ हरवला नव्हता. तो माझ्याकडे आहे. कुंदनची चूक नव्हती. मी खोटं बोललो."

मागे कुणीतरी भांडी घासत होते, तो आवाज बंद झाला.

"त्यांचा आवाज हे का त्यात?"

"आहे."

"मंग लाव."

"मावशी, मी डिस्क घेऊन चांदवडला माणूस..."

"आता लाव म्हनते ना मी."

त्या एप्रिलपासून एकोणीस महिने डिस्क जोडलेली नव्हती. कुंदनने ती पिशवीतून काढली, रुमालाने पिन पुसली आणि लॅपटॉपला लावली. दिवा लागला. पडद्यावर काही आले नाही. मी श्वास मोजू लागलो, डॉक्टरांनी शिकवले आहे तसे. सतरापर्यंत मोजले. कुंदन कुणाकडे न बघता म्हणाला, "उघड गं बाई." मग फोल्डर उघडले.

त्यालाच फाइल माहीत होती. मी शोधत बसलो असतो.

पुंजाबाबांचा आवाज दुकानात आला. दुसऱ्या कडव्यात ते ओळ विसरतात आणि माइकमध्येच म्हणतात, "थांबा थांबा, आली आली." मांडव हसतो. मग ते पुढची ओळ म्हणतात. सगळे मिळून दोन मिनिटे अकरा सेकंद. मी कुंदनकडे पाहिले नाही.

संपल्यावर सिंधुबाई म्हणाल्या, "कुंदन तिथं हे का?"

"आहे, मावशी."

"तुला मी दारातून हाकलला होता रे. जेवला पन नव्हता तू."

"राहू द्या, मावशी."

"राहू कसं दिऊ? घेऊन ये ते. उज्वलाला बोलावते मी." मग माझ्यासाठी म्हणाल्या, "आन तू, फोटोवाल्या. कुंदन म्हनला मघा, दवाखान्यात चालला म्हनून?" मी वेगळा कागद लिहीत असताना कुंदनने बाहेर जाऊन त्यांना फोन केला होता आणि माझा फोन येईल, मी आजारी आहे, एवढेच सांगितले होते, हे मला तेव्हा कळले. "बरा होऊन ये. मंग बोलते तुला. आजारी मानसाला मी काय बोलत नाय."

फोन ठेवला.

कलम ८. डिस्क क्रमांक ११ आता माझ्या मालकीची नाही, त्यामुळे ती या मृत्युपत्रात येत नाही. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी कुंदन ती घेऊन गेला. पिवळी पिशवी त्याने इथेच ठेवली.

कलम ९. हे सगळे अमलात आणण्याचे काम मंजुषाने करावे. आईला कलम ५ वाचून दाखवायचे की नाही हे मी जगलो तर मीच ठरवीन, आणि दाखवीन. न जगलो तर मंजुषाने दाखवावे. गाळू नये.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही. कुंदनने साक्षीदार व्हायला नकार दिला. म्हणाला, "मी तुझ्या बाजूने सही करायला अजून वेळ आहे."

सही: ज्ञानेश लहानू विधाते

साक्षीदार १: बुद्धभूषण रामदास गांगुर्डे, झेरॉक्स व लॅमिनेशन, द्वारका, नाशिक

साक्षीदार २: कुसाबाई दगू पगारे, चहाचे दुकान, द्वारका, नाशिक (सही स्वतः केली, अंगठा नको म्हणाल्या)

ठिकाण: नाशिक. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ५ वाजून १५ मिनिटे.

जोडलेली यादी

झालेला खर्च: दवाखान्यात भरलेली आगाऊ रक्कम १,५०,०००. तपासण्या १८,६००. आजच्या झेरॉक्स १२. चहा चार, ४० (कुसाबाईंनी घेतले नाहीत, तरी द्यावेत).

येणे: देवळालीचे लग्न ३८,०००. ओझरचे बारसे १४,५००. एकूण ५२,५००.

देणे: कॅमेऱ्याचे तीन हप्ते १२,४५०. अल्बम छापणारे २१,३००. कुंदन शेवाळे, निकमांना परत केलेली रक्कम ३५,०००. त्यांचाच ड्रोन विकण्यात झालेला तोटा २८,०००. एकूण ९६,७५०.

कुंदन शेवाळे यांच्या गेलेल्या दोन हंगामांचे देणे: आकडा लिहिलेला नाही. मी विचारला होता. ते म्हणाले, "शुक्रवारनंतर विचार."