हातचे दोन

धारगळ, पेडणे
गुरुवार

चि. सुदेश यास,

तुझ्या शंभूभावोजीचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बहिणीचा गुडघा दुखतो, आणि माझं डोकं, त्याला कारण तू. तुमच्या गावी सर्वणला सगळी खुशाल असतील असं धरून चालतो (नसतील तर फोन कर, उलट पत्राची वाट बघत बसू नकोस).

चवथीला आमच्या पडवीत बसून, पाचवी नेवरी खाता खाता, तू म्हणालास, ‘भावोजी, बँकेत ठेवून आता काय मिळत नाय, सह्या जमवा.’ मी गणिताचा मास्तर, नफा म्हटलं की कान उभे राहतात. लगेच जत्रेत गेलो आणि दशावतारातल्या नामांकित नटाची सही घेतली. पण बाबा सोंगात होता, त्याने झोकात सही ठोकली ‘संकासुर’. आता ही कोण विकत घेणार? असुरांच्या सह्यांना गिऱ्हाईक असल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

मग तू तुझ्या शेजाऱ्याचं, अमोलचं चित्र माझ्या गळ्यात मारलंस. आमोण्याच्या नदीतली होडी, छापील, पण खाली स्वतः चित्रकाराची सही. काजूचे आलेले पैसे दिले. घरी येऊन कागद सोडला, तर उजवीकडे पेन्सिलीने अमोलची सही आणि डावीकडे ७/५०. मला घामच फुटला. अमोल माझाच विद्यार्थी ना रे! आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात पन्नासपैकी सात. मी नापास केला, त्याचं वर्ष गेलं, आणि त्याचा बाप निकालाचा कागद घडी करून खिशात घालून निघून गेला, ते मी विसरलेलो नाही. वाटलं, वीस वर्षं मनात ठेवून पोरग्याने टोमणा मारला, वर पैसेही घेतले. त्यात तुझी बहीण विचारते, ‘नापास जाल्लें चित्र कित्याक हाडलें?’ कशाला आणलं ते मी काय सांगणार?

मी खोडरबर घेतला. सात खोडला आणि लाल पेनने लिहिलं १८/५०, पास, खाली माझी सही. (अठराच, कारण पासाला तेवढेच लागतात. मी मार्क उधळणारा मास्तर कधीच नव्हतो.)

पेडण्याला फ्रेमवाल्या सगुणकडे नेलं तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणे पन्नास प्रती छापल्या, त्यातली ही सातवी, तो नंबर खोडला म्हणजे चित्राचा जीवच काढला! तसाच बस पकडून सर्वणला अमोलकडे गेलो (तू बँकेत होतास). त्याने चित्र बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, ‘सर, हें म्हाका जाय, मलाच द्या. तुमच्या लाल सहीचं जगात एकच आहे. उशिरा का होईना, पास केलंत.’ बदल्यात त्याने नववी प्रत दिली. वर चहा, पाव-भाजी. मी ताठ मानेने घरी आलो. आयुष्यात हजारो सह्या केल्या, पहिल्यांदाच कोणी एक मागून घेतली. फार बरं वाटलं रे. तेव्हा तुझ्यावरचा राग गेला असं समज.

तुझा,
शंभूभावोजी

ता. क. खरं काम आता लिहितो. काल माळ्यावरून जुनं मार्कांचं रजिस्टर काढलं (म्हटलं, यातही माझ्या सह्या आहेत, किंमत येईल). अमोलची ओळ बघितली. प्रश्नवार मार्क आठ, चार, नऊ, सहा. सत्तावीस होतात. मी सात मांडले आणि हातचे दोन घ्यायचे विसरलो. पोर नापास नव्हतंच, सुदेश. आणि मी त्याला अठरा देऊन, उपकार केल्यासारखा त्याचा चहा पिऊन आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे. ते पान फाडून सोबत पाठवतो. तू शेजारी आहेस, कसंही करून तूच त्याला सांग.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. पान काढून घेतलं आहे. तू काही सांगू नकोस, निकाल मास्तरनेच सांगायचा असतो. रविवारी पहिल्या बसने येतो. तू फक्त त्याच्या दारापर्यंत माझ्यासोबत चल.